तडजोडीच्या कागदावर बायांची सही: आमची पांदण आणि लायबेरिया

धुऱ्यावरची (यवतमाळ जिल्हा)

आमच्या गावात दोन घरांचं पांदणीवरून, म्हणजे वावरांमधून जाणाऱ्या वाटेवरून, अकरा वर्षं वैर होतं. गाव लहान, बाराशे वस्तीचं. एकानं वखरता वखरता पांदण आपल्या वावरात ओढली, दुसऱ्यानं बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या. मग एका पेरणीला डोकं फुटलं, तक्रार झाली, तारखा सुरू झाल्या. लग्नाकार्याचं आवतण बंद झालं. दोन्ही घरची पोरं एका वर्गात होती, पण एका बाकावर बसत नव्हती.

हे वैर बायांनी मोडायला घेतलं. दोन्ही घरच्या मोठ्या सुना आमच्या बचत गटात आहेत. महिन्याला हप्ता भरायला एका सतरंजीवर बसावंच लागतं. गटाचा हिशोब मी ठेवते. दोन वर्षांपूर्वी, मिरगाच्या आधी, हिशोब आटोपल्यावर मी दोघींना थांबवून घेतलं. गावातली एक म्हातारी आहे, जिला सगळं गाव माय म्हणतं, तीही बसली. पहिल्या खेपेला दोघी नुसत्या रडल्या. दुसऱ्या खेपेला भांडल्या. तिसऱ्या खेपेला पेरणीचं बोलल्या, आणि घरी जाऊन दोघींनी सांगितलं, "यंदा काट्या टाकाच्या नाई." महिनाभर दोन्ही घरांत धुसफूस झाली, पण शेवटी माणसं समोरासमोर बसायला तयार झाली.

तंटामुक्ती समितीची बैठक समाजमंदिरात झाली. समितीत माझं नाव आहे. तरी मला कोणी आत बोलावलं नाही, आणि मीही उठून आत गेले नाही. ते मला अजून लागून आहे. आम्ही चौघी ओसरीत बसून चहा करत होतो. आत टेप लावून ठरलं की पांदण बारा फूट मोकळी राहील, काट्या दोन्हीकडून उचलायच्या, पोलिसातली तक्रार मागे घ्यायची. कागदावर सात सह्या झाल्या. सातही पुरुषांच्या. फोटो निघाला, पेढे वाटले.

श्रावणात तो कागद मोडला.

पांदण जिथं नाल्याला लागते तिथं पावसाळ्यात गुडघाभर गारा, म्हणजे चिखल, होतो. बैलबंडी निघते, ट्रॅक्टर निघतो, मोटारसायकलवाला पलीकडच्या डांबरी रस्त्यानं फिरून जातो. पण निंदणाला जाणाऱ्या बाया पायी जातात, डोक्यावर गवताचा भारा, कडेवर लेकरू. त्या गाऱ्यातून जात नाहीत, त्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढून वावरातून जातात. कपाशीच्या तीन ओळी तुडवल्या गेल्या. वावरवाल्यानं मजूर बायांना नाही नाही ते बोललं, दुसऱ्या घरानं आपल्या मजुरांची बाजू घेतली, आणि पुन्हा काट्या पडल्या.

त्या कोपऱ्याचं आम्हाला चौघींनाही माहीत होतं. आम्हीच तर तिथून जातो. नाल्यात चार मोठे दगड टाकले असते, किंवा कागदात एक ओळ असती की पावसाळ्याचे चार महिने पायवाट धुऱ्यावरून राहील, तर हे झालं नसतं. आत बसलेल्या सातांपैकी एकही जण त्या कोपऱ्यावरून भारा घेऊन गेलेला नव्हता.

हे डोक्यात घोळत असताना माझी भाची, जी पोलीस भरतीची तयारी करते, तिनं लायबेरियाचं सांगितलं. मग मी जे मिळेल ते वाचत गेले. लायबेरिया हा पश्चिम आफ्रिकेतला लहानसा देश. १९८९ पासून २००३ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, तिथं यादवी चालली. सुमारे अडीच लाख माणसं गेली. २००३ मध्ये तिथल्या बायांनी पांढरे कपडे घालून राजधानी मोनरोव्हियाच्या मासळी बाजाराजवळ धरणं धरलं. ख्रिस्ती आणि मुसलमान एकत्र बसल्या. लेमा ग्बोवी त्यांच्या पुढे होती. अध्यक्ष चार्ल्स टेलरचा ताफा त्याच रस्त्यानं जायचा, त्याला त्या रोज दिसायच्या. घानात अक्रा इथं बोलणी सुरू झाली तर त्यांच्यातल्या काही तिकडे गेल्या. बोलणी आठवड्यांमागून आठवडे लांबली. पुढारी हॉटेलात राहत होते आणि इकडे गावं जळत होती. तेव्हा या बाया सभागृहाच्या दारात हातात हात अडकवून बसल्या आणि म्हणाल्या, तोडगा निघाल्याशिवाय कोणी बाहेर जायचं नाही. पहारेकरी ग्बोवीला अटक करायला आले तर ती अंगावरचे कपडे काढायला निघाली. आईच्या वयाच्या बाईनं असं करणं म्हणजे तिकडे मोठा शाप. मध्यस्थ होते नायजेरियाचे जनरल अब्दुलसलामी अबुबकर, त्यांनी बाहेर येऊन समजूत काढली. त्यानंतर बोलण्यांचा रंग बदलला. ११ ऑगस्टला टेलर देश सोडून गेला, १८ ऑगस्ट २००३ ला करार झाला.

आमच्या चौघींची आणि त्यांची बरोबरी नाही. त्यांनी पोरं गमावली होती. पण ओसरीत बसणं म्हणजे काय ते मला कळतं, म्हणून तो दाराचा प्रसंग वाचून मी रात्रभर झोपले नाही.

आता विचारते. तुमच्या गावात तडजोडीचा कागद होतो तेव्हा बाया कुठं असतात? कोणाच्या गावात त्यांची सही आहे का? आणि सही असली तर त्यानं काही फरक पडला का?

---

नागपूरवासी

ताई, तुमचा राग समजतो, पण एक शंका आहे. माझं आजोळ काटोलकडचं. तिथं मी जी भांडणं पाहिली त्यातली अर्धी बायांनीच पेटवलेली होती. नळावरून, कोंबड्यांवरून, सुनेच्या माहेरावरून. बाई म्हटली की शांती असं गृहीत धरणं मला पटत नाही. शिवाय एका पांदणीचा वाद आणि देशातली यादवी यांना एका मापानं मोजता येईल का? तिकडे बंदुका असतात. बंदूकवाला माणूस पांढऱ्या कपड्यांना बघून थांबतो हे एखाद्या वेळी घडलं म्हणून तो नियम होत नाही.

---

निवृत्त हवालदार (अकोला जिल्हा)

ताई, मी केंद्रीय राखीव पोलीस दलात बावीस वर्षं काढली. आता गावाकडे वावर पाहतो. लायबेरियाचं आमाले चांगलं माहीत हाये, कारण तिथं आमच्याच दलाच्या पोरी गेल्या होत्या.

आमच्या दलाची पहिली महिला बटालियन १९८६ सालची, ८८ नंबरची. जानेवारी २००७ मधी संयुक्त राष्ट्राच्या कामासाठी लायबेरियाले जी तुकडी गेली, ती सगळ्या जगातली बायांची पहिली सशस्त्र पोलीस तुकडी. शंभराच्या वर बाया, अन् सोबत ड्रायव्हर-स्वयंपाकी असे थोडे पुरुष. कमांडर सीमा धुंडिया पुढं होत्या. दरसाल तुकडी बदले. अशा नऊ तुकड्या झाल्या, फेब्रुवारी २०१६ पर्यंत. रात्रीची गस्त, दंगा आवरणं, राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीचा पहारा, सगळं त्याईनं केलं. तवा राष्ट्राध्यक्षही बाईच होत्या, एलेन जॉन्सन सरलीफ, आफ्रिकेत निवडून आलेल्या पहिल्या. सुटीच्या टायमाले आमच्या पोरी तिथल्या पोरीयले स्वतःचा बचाव शिकवत.

काय बदललं ते सांगतो. लायबेरियाच्या सुरक्षा दलांत बायांचं प्रमाण तवा शंभरात सहा होतं. आमच्या पोरी परत आल्या तवा सतरावर गेलतं. पोरीनं वर्दीतली बाई रोज पाह्यली की तिले वाटते, हे आपल्यालेही जमते.

नागपूरवाले भाऊ, बंदुकीचं म्हणता तर माझा अनुभव सांगतो. एका राज्यात आमी गावाची झडती घेत होतो. राज्याचं नाव घेत नाई. पुरुष सगळे पळालेले, घरात बाया अन् लेकरं. आमी विचारू तर कोनी तोंड उघडे ना. दोन दिवसानं आमच्या सोबत दोन महिला शिपाई आल्या. त्या चुलीपाशी बसल्या, लेकराले बिस्कीट देल्लं. तासाभरात कळलं का गावात तीन दिवस झाले पाणी नाई, विहिरीवर जायची बायांची हिंमत नाई, कारण विहीर आमच्या तळाच्या समोर होती. आमाले हे कोनी सांगतलंच नसतं. आमी तळ दोनशे पावलं सरकवला. बस एवढंच. पण त्यानंतर त्या गावात आमच्यावर एक गोटा पडला नाई.

---

झाडीपट्टी (गडचिरोली)

हवालदार काकांचं वाचून थांबले होते, आता लिहिते.

आमच्या जिल्ह्यात दोन बंदुकांच्या मधे राहणं म्हणजे काय ते माझ्या आईच्या पिढीनं भोगलं. रात्री एक येऊन जेवण मागायचा, सकाळी दुसरा येऊन विचारायचा की जेवण का दिलं. पुरुष माणूस बाजाराला गेला तर दोघांनाही संशय. म्हणून बाजार, रेशन, दवाखाना, पोलीस ठाण्यात कोणाला सोडवायला जाणं, हे सगळं बायांवर आलं. हे करताना त्या दोन्हीकडच्या माणसांशी बोलायला शिकल्या. या शिकण्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

सहीबद्दल एक वेगळी गोष्ट. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तुम्ही ऐकलं असेल. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क देशात पहिल्यांदा मिळाले त्यांत ते होतं. तिथं ग्रामसभेत निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. म्हणजे एक जरी माणूस, बाई असो की बुवा, नाही म्हणाला तर निर्णय पुढे ढकलतात आणि पुन्हा बसतात. वेळ लागतो. पण तुमच्या पांदणीसारखं श्रावणात मोडत नाही, कारण जिला गाऱ्यातून जायचं आहे तिनं आधीच 'थांबा' म्हटलेलं असतं.

---

माजी सरपंच (वाशिम जिल्हा)

मी पाच वर्षं सरपंच होते. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत अर्ध्या जागा बायांच्या आहेत. माझी सही हजारो कागदांवर आहे. खरं सांगते, पहिली दोन वर्षं मी कशावर सही करते ते मला माहीत नव्हतं. मालक सांगायचे, इथं कर. मी करत होते. तिसऱ्या वर्षी पाणीपुरवठ्याच्या एका बिलावर मी सही केली आणि नंतर कळलं की ती टाकी बांधलेलीच नव्हती. तेव्हापासून मी सगळं वाचून घ्यायला लागले, घरात त्यावरून खूप झालं, ते इथं लिहीत नाही.

म्हणून धुऱ्यावरची ताई, नुसती सही मागू नका. बैठकीत बसणं मागा, बोलणं मागा. सही त्याच्या मागून येऊ द्या.

---

सांजवात

मी पंधरा वर्षं बायांच्या समुपदेशन केंद्रात काम करते. मला या धाग्यातल्या 'तडजोड' शब्दाची भीती वाटते, म्हणून स्पष्ट लिहिते.

आमच्याकडे एक मुलगी आली होती. नवऱ्यानं मारहाण केली म्हणून माहेरी आलेली. गावच्या समितीनं बैठक बोलावली, दोन्ही घरं समोर बसवली, नवऱ्यानं हात जोडले, 'पुन्हा असं होणार नाही' असा कागद झाला, सगळ्यांनी मिळून तिला नांदायला पाठवलं. समितीत दोन बाया होत्या. त्यांनीच तिला जास्त समजावलं, 'संसारात एवढं तेवढं चालतंच, सोस.' तिच्या स्वतःच्या सहीनिशी तो कागद झाला. तीन महिन्यांनी ती हात मोडून आमच्याकडे आली. गाव तंटामुक्त होतं.

म्हणजे बाई बसवली म्हणून बाईचं हित झालं असं नाही. आणि प्रत्येक भांडण मिटवायचं नसतं. मारहाण, हुंडा, लेकीबाळीवर अत्याचार, यात समितीनं मधे पडूच नये. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ पासून आहे, संरक्षण अधिकारी आहे, त्या वाटेनं जायचं.

जगातही हेच घडत आलं. युद्ध संपवताना दोन्ही बाजू एकमेकांना माफ करतात आणि त्या माफीत बायांवर झालेले बलात्कार गिळले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं १९ जून २००८ ला ठराव १८२० करून सांगितलं की लैंगिक अत्याचार हा युद्धगुन्हा ठरू शकतो आणि त्याला अशा माफीतून वगळलं पाहिजे. २००८! त्या आधी शतकानुशतकं बाया हे सांगत होत्या. कांगोतले डॉक्टर डेनिस मुकवेगे आणि इराकची यझिदी मुलगी नादिया मुराद यांना २०१८ चं शांततेचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. आणि हेही लिहायलाच हवं की संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या काही सैनिकांवरच अशा अत्याचाराचे आरोप सिद्ध झालेले आहेत. तिथं तुकडीत बाया असणं हा मानाचा प्रश्न उरत नाही. पीडित बाई सांगणार कोणाला, हा प्रश्न असतो.

---

धुऱ्यावरची

सगळ्यांचं वाचलं. सांजवात ताई, तुमचं मी दोनदा वाचलं आणि मान्य करते. मी 'तडजोड' म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बांध, पांदण, पाणी, ढोरं, वाटणी हेच असतं. मारलेल्या बाईला परत पाठवणारा कागद हा तडजोडीचा कागद नव्हेच. आमच्या समितीत हे लिहून घ्यायला हवं, मी पुढच्या बैठकीत मांडते.

नागपूरवासी दादा, बाया मुळातच शांत असतात असं मी म्हटलं नाही. आमच्या त्या दोन सुनांनी अकरा वर्षांत एकमेकींना काय काय शिव्या दिल्या ते मी ऐकलं आहे. माझं म्हणणं दुसरं आहे. त्यांना जे माहीत असतं ते पुरुषांना माहीत नसतं, आणि नेमकं तिथंच कागद फाटतो.

उत्तर आयर्लंडचं वाचा. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात तीस वर्षं रक्तपात चालला. १९९६ मध्ये बोलण्यांसाठी निवडणूक लागली, तेव्हा दोन्ही समाजांच्या बायांनी काही आठवड्यांत एक पक्ष उभा केला. मतं मिळाली जेमतेम एक टक्का. पण त्या निवडणुकीच्या नियमामुळे दोन जागा मिळाल्या. मोनिका मॅकविल्यम्स कॅथलिक, पर्ल सेगर प्रोटेस्टंट. सभागृहात काही पुरुष पुढाऱ्यांनी त्यांची हेटाळणी केली. तरी १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारात ज्यांची माणसं गेली त्यांची मदत, दोन्ही समाजांच्या मुलांचं एकत्र शिक्षण आणि मिश्र वस्त्या हे विषय आले, ते त्यांनी लावून धरले म्हणून. बाकीचे शस्त्रं आणि सत्तेची वाटणी बोलत होते. तेही लागतंच, बारा फुटांशिवाय पांदण होत नाही. पण मुलं एका बाकावर बसतील की नाही हे विचारणारं कोणी आत होतं. सार्वमतात ७१ टक्के लोकांनी होकार दिला. (एका बाकाचं वाचलं तेव्हा मला आमची शाळाच आठवली.)

माझी भाची म्हणाली, आकडे पण दे. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागानं १९९२ ते २०१९ च्या मोठ्या शांतता बोलण्यांचा हिशोब काढला: बोलणी करणाऱ्यांत बाया १३ टक्के, मध्यस्थांत ६ टक्के, सह्या करणाऱ्यांत ६ टक्के. म्हणजे शंभर सह्यांत सहा. आणि हे कधीपर्यंतचं? सुरक्षा परिषदेनं ३१ ऑक्टोबर २००० ला ठराव १३२५ करून सगळ्या देशांना सांगितलं होतं की शांततेच्या प्रत्येक पायरीवर बाया हव्यात. त्यानंतर वीस वर्षं गेली तरी हा आकडा. बंदोबस्तात तरी काय आहे? १९९३ मध्ये शांतिसेनेच्या वर्दीत शंभरात एक बाई होती. २०२० मध्ये सैन्याच्या तुकड्यांत ४.८ टक्के, पोलीस तुकड्यांत १०.९ टक्के.

आमच्या कागदावर सातांत शून्य.

माजी सरपंच ताई, तुमचं सहीबद्दलचं मनाला लागलं. कोलंबियात सरकार आणि फार्क बंडखोर क्युबात हवाना इथं बोलत होते तेव्हा सुरुवातीला मुख्य टेबलावर बाया जवळपास नव्हत्याच. तिथल्या बायांनी आरडाओरड केली, तेव्हा २०१४ मध्ये एक उपसमिती नेमली, जिचं काम एवढंच की करारातलं प्रत्येक कलम वाचायचं आणि यात बायांचं काय ते तपासायचं. जमीन कोणाच्या नावावर होणार, विस्थापित विधवांचं काय, हे तिथून आत शिरलं. तुम्ही टाकीचं बिल वाचायला लागलात, ते हेच काम.

---

पवनारजवळची (वर्धा)

झाडीपट्टी ताईंनी सर्वसहमतीचं लिहिलं म्हणून आमच्याकडचं सांगते. धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. बहिणींचा आश्रम. तिथंही निर्णय एकमतानं होतात, कोणी मुख्य नाही. मी लहानपणी आजीबरोबर जायची. तिथल्या बहिणी शेती करायच्या, छपाई करायच्या, संडास साफ करायच्या. एखाद्या गोष्टीवर मत जुळलं नाही तर ती गोष्ट ठेवून द्यायच्या. आजी म्हणायची, "इथं कोनी हारत नाई, म्हनून कोनाले रागही येत नाई." मला तेव्हा ते कळलं नव्हतं. आमच्या घरात वाटणीवरून जे झालं त्यानंतर कळलं.

---

तालुक्याचा वकील

धुऱ्यावरच्या ताईंसाठी कामाचं तेवढं लिहितो.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. समिती ग्रामसभेतून होते, तिनं करून दिलेला समझोता दोन्ही पक्षांना पटला तर टिकतो. तो कोर्टाचा हुकूम नव्हे. म्हणून तुमचा कागद पुन्हा करता येईल. जुना फाडू नका, त्याला पुरवणी समझोता जोडा. त्यात नाल्याचा कोपरा, पायवाट, दगड कोण टाकणार, कधीपर्यंत, सगळं लिहा. नकाशा हातानं काढून मागे लावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अंगठा आणि शेजारी दोन साक्षीदार. ग्रामसभेच्या ठरावात त्याची नोंद घ्या, म्हणजे पुढची समिती नाही म्हणू शकणार नाही.

एवढं करूनही कोणी वहिवाटीची पांदण अडवली तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली जाता येतं. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायचं, बरेच जण इथंच चुकतात. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३.

---

धुऱ्यावरचीची भाची

मामींनी मला इथं खातं उघडून दिलं. हवालदार काका, मला विचारायचं आहे की लायबेरियासारख्या कामाला जायचं तर काय करावं लागतं? घरचे म्हणतात, आधी इथली भरती तर निघू दे.

---

निवृत्त हवालदार

पोरी, घरचे बरोबर म्हणतात. आधी दलात लाग. नुसत्या पोलीस अधिकारी म्हणून एकट्यानं जायचं तर कमीत कमी पाच वर्षांची नोकरी लागते, इंग्रजीची परीक्षा होते, गाडी चालवून दाखवावी लागते, हत्यार चालवून दाखवावं लागते. तुकडीत जायचं तर तुझ्या दलाले बोलावणं यावं लागते. इंग्रजी अन् चारचाकी आत्तापासून शिक. आपल्याकडच्या पोरी धावण्यात कमी पडत नाई, गाडीत कमी पडतात, कारण घरी ट्रॅक्टरवर त्याईले कोनी बसूच देत नाई.

सैन्यातल्याही पाहा. मेजर सुमन गवानी दक्षिण सुदानात होत्या. मेजर राधिका सेन, हिमाचलच्या, कांगोत. दोघींलेही संयुक्त राष्ट्रांचा सैनिकी पुरस्कार भेटला, २०१९ चा अन् २०२३ चा, बायांचा विचार घेऊन काम केलं म्हणून. जानेवारी २०२३ मधी सुदान अन् दक्षिण सुदानच्या मधल्या अब्येईत आपल्या सैन्याच्या बायांची पलटण गेली, दोन अधिकारी अन् पंचवीस जणी. लायबेरियानंतर एवढ्या बाया एकत्र पहिल्यांदाच. तू जा. आमी इथून वाचू.

---

नागपूरवासी

माझा पहिला प्रतिसाद मी काढत नाही, पण त्यात भर घालतो. आजोळी फोन केला आणि मामींना विचारलं की पाण्याच्या पाळीचं भांडण शेवटी मिटलं कसं. मामांनी आजवर मला सरपंचांनी मिटवलं असंच सांगितलं होतं. मामी म्हणाल्या, पाळीचे तास शेजारच्या काकूंनी आणि त्यांनी चुलीपाशी बसून ठरवले, आणि सरपंचांना तेच सांगितलं. हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं.

---

धुऱ्यावरची

दीड महिन्यानं लिहिते, उन्हाळवाहीची घाई होती.

वकील साहेबांनी सांगितलं तसं केलं. समितीच्या अध्यक्षांना मी आणि माय दोघी जाऊन भेटलो. ते आधी म्हणाले, पुन्हा कशाला उकरता. माय म्हणाली, "उकरत नाई बाप्पा, बुजवतो." बैठक समाजमंदिरात लागली. या वेळी आम्ही आत बसलो, दारापाशी नाही, मधे. दोन्ही सुना बसल्या. निंदणाला जाणाऱ्या मजूर बायांपैकी तिघींना मी मुद्दाम बोलावलं होतं. त्या येत नव्हत्या, म्हणत होत्या आमचं काय काम. त्यातली एक सगळ्यात जास्त बोलली. तिनं सांगितलं की धुऱ्यावरची पायवाट उजव्या अंगानं नको, डाव्या अंगानं हवी, कारण उजवीकडे करंजीखाली साप निघतात. हे आम्हा चौघींनाही सुचलं नव्हतं. अर्धा तास त्यावरच गेला, शेवटी डाव्या अंगाच्या वावरवाल्यानं दोन हात जागा सोडली आणि त्याच्या मोबदल्यात दुसऱ्या घरानं नाल्यात दगड आणून टाकायचं कबूल केलं.

मारहाणीच्या तक्रारी समिती घेणार नाही, त्या बाईला तालुक्याला पोचवून देईल, हेही मी मांडलं. त्यावर खूप आवाज चढले. ठराव झाला नाही. पुढच्या ग्रामसभेत पुन्हा मांडणार आहे. सांजवात ताई, तुम्ही येऊ शकाल का? गाडीभाड्याचं आम्ही गटातून पाहू.

पुरवणी कागदावर अकरा जणांची नावं आहेत. त्यातल्या पाच बाया. दोन सह्या, तीन अंगठे. शाईचा डबा ग्रामपंचायतीत वाळून गेलेला होता, भाचीनं पळत जाऊन शाळेतून आणला. चहा या वेळी पोलीस पाटलांनी टपरीवरून मागवला.

दगड काल पडले. मिरगाला आठ दिवस आहेत.